दिसणारा ठेका

"बाबा, पुन्हा तेच!" केतकीने थ्रीडी प्रिंटरवर छापून आणलेला नमुना माझ्यापुढे धरला. संगणकावर, कॅडमध्ये 'विठ्ठल' ही अक्षरं घडवून तिने त्यांत एलईडीची पट्टी बसवायला खाच ठेवली होती. पण 'वि' पेटवला की शिरोरेषेच्या खाचेतून उजेड वाहत जाई आणि अख्खा विठ्ठल उजळे.

"मग बिघडलं कुठं?" मी हात जोडले. "देव तर दिसतोय!"

"देव दिसतोय हो, ठेका नाही दिसत! आत्याला ठेका दिसायला हवा."

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, कान गेले तेव्हापासून कीर्तनात तिची टाळी चुकायची. बायका हसल्या आणि तिने देवळात यायचंच सोडलं.

केतकीने शिरोरेषेच्या खाचेत अक्षराअक्षरामध्ये पातळ भिंत उभी केली. एकादशीला देवळात कीर्तनकार बुवांच्या पाठीमागच्या भिंतीवर ती अक्षरं टांगली. मृदंगाला वायर जोडली होती. थापेसरशी वि, मग ठ्ठ, मग ल उजळू लागला. केतकीने आक्काला ओढूनच आणून पुढे बसवलं. आधी तिचे हात पदरातच होते. मग एक टाळी पडली, बरोबर ठेक्यावर. मग दुसरी.

गजर रंगला आणि त्या रंगात बुवांचे टाळ दिव्यांच्या पुढे धावू लागले. आक्का ताडकन उठली.

"बुवा, पळताय कशाला? विठोबा इथंच उभा आहे!"

सगळं देऊळ हसलं, आक्कासुद्धा. बुवांनी मान लववली आणि तिच्या टाळीवर गजर पुन्हा धरला.