शताब्दीची वेलांटी

"शताब्दीतल्या दीला पहिली वेलांटी!" नाण्यांचे व्यापारी मुनोत यांच्यापुढे चांदीचं नाणं आपटत एकबोटे सर कडाडले. एका जुन्या काव्यग्रंथाच्या शताब्दीनिमित्त गावातल्या साहित्य मंडळाने ते काढलं होतं, आणि सरांनी तर चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं.

मुनोतांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "सर, अशी चूक असली की शौकीन लोक दसपट भाव देतात. विकता?"

"चुकीला भाव? मी मुलांचे मार्क कापायचो!" सरांनी तिथूनच मंडळाच्या सचिवबाईंना फोन लावला. "मजकूर कुठल्या गाढवाने तपासला?"

बाई चाचरल्या. "सर, नमुना तुम्हीच तपासून दिला होतात. खाली तुमची सही आहे."

सर मटकन खुर्चीत बसले. तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं; मोतीबिंदू वाढला होता, अक्षरं पुसट दिसत होती. पण तसं सांगायची लाज वाटली होती.

"मग, देताय ना?" मुनोतांनी विचारलं.

"नाही." सरांनी नाणं खिशात टाकलं. "आणि अशी आणखी कुणी विकायला आणली, तर आधी मला फोन करा. सगळी मीच घेणार."