कापसाच्या डब्यातली हाक

मुंबई गोदीत भर दुपारी मालगाडीचे दोन डबे सोडवायला रखमाजी वाकून त्यांच्यामध्ये शिरला, तेवढ्यात बंद डब्यातून बाईचा आवाज आला, "रखमा, बाहेर ये!"

तो दचकून बाहेर आला आणि त्याच क्षणी वाफेच्या इंजिनाचा धक्का बसून दोन्ही डबे एकमेकांवर आदळले.

"अहो, आत कुणीतरी बाई अडकलीय!" तो ओरडला. म्हातारे गार्ड डिमेलोसाहेब धावत आले. दोघांनी कुलूप तोडलं. आत छतापर्यंत कापसाच्या गाठी ठासून भरलेल्या. उंदरालाही जागा नव्हती.

रखमाजीनं हात जोडले. "साहेब, वाचवलं तिनं मला."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आवाज मीही ऐकला, रखमाजी," ते म्हणाले. "पण मला ती म्हणाली, 'आत ये.'"