काचेकडं तोंड

प्लॉट विकणाऱ्यांच्या ऑफिसात पुष्पाचा कामाचा पहिलाच दिवस होता. शिनोलीच्या स्टँडला लागूनच ही नवी बिल्डिंग, पुढची अख्खी भिंत निळ्या काचेची. बाहेरून बघणाऱ्याला आपलंच तोंड दिसायचं. दोन वर्षं डिंभ्याच्या एसटीची वाट बघताना पुष्पानं याच काचेत बघून केस सारखे केले होते, निऱ्या खोचल्या होत्या.

ती फरशी पुसत असताना टेबलांपाशी हशा पिकला.

"आज पिक्चर लवकर लागला," मोहितसाहेब म्हणाले. शेजारच्या रामनाथनं मोबाईल वर धरला.

पुष्पानं मान उचलली. काचेपलीकडं, हातभर अंतरावर, डिंभ्याची समृद्धी बाळाला पाजत बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून तिनं रस्त्याकडं पाठ केली होती. तिची सासू बयाबाई मागं पदराचा आडोसा धरून, रस्त्यावर नजर ठेवून उभी होती.

पुष्पाच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे दोन वर्षं आपल्यालाही!

"ठिवा त्यो मोबाईल खाली."

"अगं, त्यांना कुठं काय कळतंय?" मोहितसाहेब हसले. "तू तुझं काम कर."

पुष्पानं रामनाथच्या हातातला मोबाईल हिसकावला आणि पोछ्याच्या बादलीत बुडवला. तो ओरडेपर्यंत ती बाहेर पोचली होती. समृद्धी आणि काच यांच्या मधे जाऊन ती उभी राहिली.

"झाकून घे, बाई. आतनं समदं दिसतंय. शूटिंग काढीत व्हते."

समृद्धीनं चटकन पदर ओढला. बाळ रडायला लागलं. बयाबाईला मात्र खरं वाटेना. तिनं दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला धरले, कपाळ काचेला टेकवलं आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"या गं समद्या!" ती स्टँडकडं वळून ओरडली. "मेल्यांची तोंडं बघून ठिवा!"

बाया आल्या. एकीनं तसेच हात धरले, मग दुसरीनं. बघता बघता दहा-बारा कपाळं काचेला टेकली. डिंभ्याची एसटी आली, हॉर्न देत थांबली. एकही बाई हलली नाही.

पुष्पानंही काचेला डोळे लावले. आत रामनाथनं तोंडापुढं फाईल धरली होती. मोहितसाहेब धावत काचेपाशी आले, आणि कधी बसवलाच नव्हता तो पडदा ओढायला हात वर करून तसेच उभे राहिले.