दोन बशा

बायकोला डुकराची किडनी बसवायची की नाही, हे त्या दोन काचेच्या बशांवर ठरणार होतं. एकीत डुकराच्या रक्तवाहिनीचं अस्तर वाढवलं होतं, दुसरीत बायकोच्या स्वतःच्या. दोन्हींवर तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडायच्या आणि परक्या अस्तरावर त्या किती तुटून पडतात ते पाहायचं.

प्रयोगशाळेतल्या बाई सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिल्या. "काका, माझ्याकडून बशांची अदलाबदल झाली वाटतं."

डुकराच्या अस्तराला पेशींनी हातही लावला नव्हता. बायकोच्या अस्तराची मात्र चाळण झाली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोग नव्याने मांडला, तेव्हा बशांच्या तळाला चिठ्ठ्या मी लावल्या. "अक्षर छान आहे हो तुमचं," बाई म्हणाल्या. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, तरी संध्याकाळी पुन्हा तेच. चूक माझीच असणार, असं मला वाटलं, नेहमीच वाटतं. पण चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावर कंटाळलेली बायको आत आली. "अहो, मलाही दाखवा की."

बाईंनी कुठली ते न सांगता डुकराची बशी भिंगाखाली सरकवली. बायकोने डोळा लावला आणि तिचा चेहरा खुलला.

"ही मी," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी बशी ठेवली. बायको बराच वेळ वाकून राहिली.

"आणि ही कोण हो, बिचारी?" तिने हळूच विचारलं. "हिचं काही खरं नाही."