बाबांची फियाट

हिंगणीच्या दुर्गेशने वडिलांची जुनी फियाट नवी करायचा ध्यास घेतला. इंजिन बदललं, दारं बदलली, शेवटी सांगाडाही दुसरा आणला. काढलेला एकेक भाग बायको सुंदरा मुकाट्याने गोठ्यात नेऊन ठेवायची.

"आता हिच्यात बाबांचं उरलं काय?" तिने विचारलं.

"आत्मा! देह बदलते, आत्मा तोच राह्यते. कीर्तनात झोपली होती काय?"

सप्त्याच्या पहिल्या दिवशी कीर्तनकार बुवांना त्याच गाडीतून देवळात न्यायचं होतं, तर गाडी हूं की चूं करेना. बुवा चिपळ्या धरून ताटकळले.

तेवढ्यात गोठ्यातून हॉर्न वाजला. काढलेले सगळे भाग जोडून उभी केलेली फियाट चालवत सुंदरा बाहेर आली.

"बुवा, इकडे बसा जी. आत्म्याले नवा देह मानवला नाई."