सिद्राच्या विहिरीवरचे दगड

सकाळी पाहिलं तर दगड पुन्हा हलले होते.

काल संध्याकाळी इंग्रज सरकारच्या पोलिटिकल साहेबानं दुर्बीण लावून, दोरी ताणून, सिद्राच्या विहिरीजवळ सात दगडांची रास समोर उभं राहून रचून घेतली होती. राशीच्या अलीकडे शेख राकानचा मुलूख, पलीकडे शेख मुतलकचा. आज तीच रास वीस पावलं पश्चिमेला बसली होती, अगदी जशीच्या तशी. गेल्या हिवाळ्यात ती पूर्वेला सरकली होती. त्याच्या आदल्या हिवाळ्यात पश्चिमेला.

"हे तिसरं वर्ष," साहेब म्हणाला. त्याचं अरबी चांगलं होतं, पण राग आला की कांजी केल्यासारखं ताठ व्हायचं. "माग काढणाऱ्याला बोलवा."

घानिम तंबूबाहेरच उभा होता. उंटाचं असो की माणसाचं, एकदा पाहिलेलं पाऊल तो विसरत नसे. दोन्ही मुलुखांत चोराचा निवाडा त्याच्या शब्दावर व्हायचा, कारण तो शब्द आजवर कधी खोटा निघाला नव्हता.

"ज्याच्या माणसांनी हे केलं त्या शेखाचा विहिरीवरचा हक्क गेला," साहेब म्हणाला. "आज इथं सिमेंटचा खांब पुरणार मी. भांडण कायमचं मिटलं."

घानिमनं राशीभोवती चक्कर मारली. वाळू फांदीनं झाडून लख्ख केलेली. पहारेकऱ्यांना विचारलं, तर दोन्हीकडच्यांनी एकच गाणं गायलं: थंडी कडाक्याची होती, आमच्या शेखांना दया आली, म्हणाले जा, पहाटेपर्यंत शेकोटीपाशी बसा.

झाडलेल्या वाळूत एकच माग होता. काठीची टोचण, आणि शेजारी एक लंगडं पाऊल. घानिमनं ते ओळखलं आणि तो मुकाट्यानं तुर्फामावशीच्या तंबूकडे वळला.

तुर्फामावशीचं उभं आयुष्य या विहिरीवर गेलं होतं. शहरातल्या शेखांची तान्ही पोरं वाळवंटात दाईकडे ठेवायची, ही इथली जुनी रीत. राकान आणि मुतलक एकाच वर्षी तिच्या अंगावर प्यायले. म्हणजे दोघे दूधभाऊ.

"पहाटे दगडांपाशी गेली होतीस, मावशी."

"गेले होते. बस, कॉफी घे."

"का गेलीस?"

"तुला दिसावं म्हणून." तिनं शांतपणे कॉफी ओतली. "साहेबाला सांग, म्हातारीनं हलवले."

"एकेका दगडाला दोन गडी लागतात."

"मग जिन आले होते मदतीला म्हण. गोऱ्यांना आपल्याबद्दल असलं काहीही खरं वाटतं." मग तिचा आवाज उतरला. "अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या टोळ्यांत रक्त सांडलं, घानिम. आज एकानं दुसऱ्याशी गोड बोलायचं म्हटलं तर घरचेच गादीवरून खेचतील. या विहिरीच्या भांडणापायी का होईना, हिवाळ्यातून एकदा दोघं माझ्या ताटावर बसतात. तू कुणा एकाच्या माणसांचं नाव घेतलंस की माझा एक लेक गेला. किती हिवाळे उरलेत माझे?"

घानिमनं कॉफी संपवली.

दुपारी दोन्ही शेख मावशीच्या तंबूत जेवायला आले. वहाणा बाहेर निघाल्या. घानिमची नजर सवयीनं पायांवर गेली. मुतलक उजवी टाच ओढत चालायचा. राकानच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. तो चार वर्षांचा असताना तुर्फामावशीच्याच उंटिणीनं तुडवली होती.

"आई, या माणसाला सांग, मीठ इकडे सरकव म्हणावं," राकान समोर न बघता म्हणाला.

"आई, या माणसाला सांग, मीठ माझ्या मुलुखात आहे."

बाहेर बसलेले दोन्हीकडचे लोक आपापल्या शेखावर खूष झाले. तुर्फामावशी मात्र हसली नाही. तिनं खजुरांची परडी पुढे केली.

"मी मेल्यावर तरी खांदा मिळून द्याल ना रे?"

दोघांनी ताटात माना घातल्या.

घानिम उठला. या खेपेला त्यानं लांबून वळसा घेतला, वाळूच्या टेकाडापलीकडे, जिथं वारा पोहोचत नाही. तिथं वाळू झाडलेली फांदी पडली होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. अंगरख्याच्या सोग्यानं वाळूतला माग पुसून टाकला.

"काय दिसलं?" साहेबानं विचारलं. त्याच्या दोन बाजूंना दोन शेख उभे होते, मधे साहेब भिंतीसारखा.

"वारा, साहेब."

"वाऱ्यानं दगड उचलले?"

"आमच्याकडचा वारा अंगापिंडानं बरा आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब घानिमकडे बघत राहिला. घानिमचा शब्द खोटा म्हणायचा, तर आजवरचे सगळे निवाडे खोटे म्हणावे लागले असते. साहेबानं वहीत लिहिलं: पुरावा नाही, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजणी. सिमेंटची पोती परत उंटांवर चढली.

उन्हं कलल्यावर घानिम निरोप घ्यायला आला. तुर्फामावशीनं त्याची बाही धरली.

"माझ्यापाशी तरी खरं बोल. राकानची माणसं की मुतलकची?"

घानिमनं मूठ उघडून तिच्या तळहातावर खजुराच्या बिया ठेवल्या. तिनं त्या बोटांनी चाचपल्या.

"माझ्याच खजुराच्या."

"टेकाडामागे पडल्या होत्या. सगळ्या एकाच ढिगात. शेजारी वाळूत दोघांची बैठक उमटली होती, मावशी, खांद्याला खांदा लावून. बराच वेळ बोलत बसले असावेत."

"कोण दोघं?"

"एक जण टाच ओढत चालला होता," घानिम म्हणाला. "दुसऱ्याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती."