एका वेळी एकच

चाळीस वर्षं दर्यावर काढून चिंचणीच्या जानूने बोट मुलाकडे सोपवली आणि तो घरी बसला. तेव्हापासून कधी कालवणातल्या मिठावरून, कधी वाळत घातलेल्या बोंबलांवरून त्याचं आणि बायको काशीबाईचं रोज वाजायचं.

त्या दिवशी सून जागृती लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकत बसली होती.

“काय करतेस गो?” काशीबाईने विचारलं.

“एकाच लॅपटॉपला दोन कारभारी, आई.”

“एकाच घरात दोघं? आन भांडत नाय?”

“भांडतील कसे? चालू करतानाच एकाला निवडायचं. तो कामाला लागला, की दुसरा बंद.”

काशीबाई जानूकडे बघत राहिली.



सकाळी जानू उठला, तर त्याचा बोटीवरचा डबा भरून दारात ठेवलेला.